सहाव्या वर्षी हे काम कोण सांभाळणार? अनुकूलनाचा निधी आणि प्रशिक्षण यांविषयी

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. किनारपट्टीवरच्या एका अल्पविकसित देशात हवामानबदलाशी जुळवून घेण्याच्या, म्हणजे अनुकूलनाच्या, कामासाठी आपल्या संस्थेला पाच वर्षांचा निधी मिळणार आहे, रक्कम फार मोठी नाही, आणि ती बांध, निवारे, पाणीसाठे अशा कामांवर खर्च करावी की तेथील कर्मचाऱ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या प्रशिक्षणावर, असे आपण विचारले आहे. शेवटी आपण आणखी एक गोष्ट जाता जाता लिहिली आहे: मागच्या टप्प्यात प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी बहुतेक जण आज त्या जागांवर नाहीत. माझ्या मते आपला खरा प्रश्न त्या एका वाक्यात आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करते.

प्रशिक्षित माणसे निघून जातात, तेव्हा प्रशिक्षण कमी पडले असे आपण समजतो आणि पुढच्या प्रस्तावात त्याच्या तरतुदी वाढवतो. गेली वीसेक वर्षे मी अशा प्रकल्पांची आखणी आणि नंतरची तपासणी करत आले आहे, आणि माझा अनुभव असा आहे की माणसे जातात ती बहुधा शिकलेले वापरण्याची संधी त्यांच्या पदाला नसते म्हणून. पूरनकाशा वाचायला शिकलेल्या अधिकाऱ्याला रस्ता कोठून न्यायचा हे ठरवण्याचा अधिकार नसेल, तर तो नकाशा त्याच्या कपाटात राहतो आणि तो स्वतः चांगल्या पगारावर एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेत रुजू होतो. त्याला दोष देता येत नाही. म्हणून पैसा आधी की प्रशिक्षण आधी, या प्रश्नाऐवजी मी स्वतःला असे विचारते: प्रकल्प संपल्यावर, म्हणजे सहाव्या वर्षी, हे काम कोणत्या पदाकडे असेल, त्या पदाला निर्णयाचा अधिकार असेल का, आणि त्याच्या हाताशी देशाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातला थोडा तरी पैसा असेल का? या तिन्हींची उत्तरे मिळाली की बांधकाम आणि प्रशिक्षण यांतली वाटणी बरीचशी आपोआप ठरते.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आपल्याला तेथे जाऊनच पाहाव्या लागतील. संकट चक्रीवादळासारखे अचानक येणारे आहे की जमीन आणि विहिरी हळूहळू खाऱ्या होण्यासारखे संथ, यावर बरेच काही ठरते. पहिल्यात सूचना आणि निवारा यांना तोड नाही, तर दुसऱ्यात पिके, पाणी आणि कधी कधी वस्तीच बदलण्याचे दीर्घ निर्णय घ्यावे लागतात. स्थानिक शासनाला पैसा ठेवण्याचा आणि खर्च करण्याचा कायदेशीर अधिकार आहे की प्रत्येक बिल राजधानीत जाते, हे पाहावे लागते. देशावर आधीच किती कर्ज आहे आणि आपल्या निधीच्या अटींमध्ये पगार व देखभाल यांचा खर्च बसतो की नाही, हेही महत्त्वाचे आहे. या चार गोष्टी ठाऊक नसताना कोणी आपल्याला साठ टक्के येथे आणि चाळीस टक्के तेथे असे ठाम प्रमाण सांगितले, तर त्यावर विसंबू नका.

आता एक उदाहरण जरा विस्ताराने घेते, कारण आपल्या प्रश्नाचे दोन्ही अर्धे त्यात एकत्र दिसतात. नोव्हेंबर १९७० मध्ये आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आले आणि किमान तीन लाख माणसे गेली. स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये तेथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला, सरकार आणि रेड क्रॉस (आजची रेड क्रेसेंट) यांच्या भागीदारीतून. गावोगावी स्वयंसेवकांची पथके उभी राहिली आणि त्यांना धोक्याचे झेंडे लावणे, भोंग्यावरून सूचना देणे, वृद्धांना व मुलांना हलवणे आणि प्रथमोपचार करणे शिकवले गेले. तरीही एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ४० हजार लोक मृत्युमुखी पडले. सूचना पुष्कळ ठिकाणी वेळेवर पोहोचली होती, पण जायचे कोठे? निवारे फार थोडे होते, आणि ज्या घरी गुरेढोरे हीच सगळी मालमत्ता होती त्या घरातली माणसे ती सोडून निघायला तयार नव्हती. म्हणजे प्रशिक्षण होते, बांधकाम नव्हते. त्यानंतरच्या वर्षांत निवारे मोठ्या प्रमाणावर बांधले गेले, गुरांसाठी उंचवटे तयार झाले, बायकांसाठी वेगळी सोय झाली, स्वयंसेवकांमध्ये स्त्रियांची भरती वाढली. २००७ च्या सिद्र वादळात सुमारे ३,४०० माणसे गेली. ही संख्याही मोठीच आहे, पण १९७० आणि १९९१ शेजारी ठेवून पाहिली म्हणजे किती जीव वाचले ते कळते. मे २०२० मध्ये अंफान आले तेव्हा करोनाची साथ सुरू असतानाही वीस लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित जागी नेता आले.

या कामातली माझ्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखी बाब थोडी आडवळणाची आहे. बरेच निवारे एरवी शाळा म्हणून वापरले जातात. त्यामुळे इमारतीला रोज कोणीतरी वाली असतो, छत गळले तर ते वादळाच्या रात्री समजण्याऐवजी पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात समजते, आणि वाट तर लहान मुलांनाही पाठ असते. स्वयंसेवकाचेही तसेच आहे: त्याला गावात ओळखले जाते, त्याचे काम ठरलेले आहे आणि ते दर वर्षी सरावाने ताजे होते. प्रशिक्षण टिकले ते अशा ठरलेल्या कामामुळे. प्रमाणपत्रांची तेथे फारशी गरज पडली नाही.

याच देशातले दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे आहे आणि तेही आपल्या डोळ्यांसमोर असावे. १९६० च्या दशकापासून नैर्ऋत्य किनाऱ्यावर परकीय मदतीतून मोठे मातीचे बांध घालून पोल्डर म्हणजे बंदिस्त शेतजमिनी तयार केल्या गेल्या. सुरुवातीला खारे पाणी अडले, भाताचे पीक वाढले. पण भरतीबरोबर येणारा गाळ पूर्वी शेतांत पसरत असे, तो आता नद्यांच्या पात्रातच साचू लागला. नद्या उथळ झाल्या, बांधाच्या आतले पावसाचे पाणी बाहेर पडेना, आणि हजारो एकर जमीन वर्षानुवर्षे पाण्याखाली राहिली. अखेर १९९० मध्ये बिल डाकातिया या खोलगट पाणथळ भागात लोकांनी स्वतःच बांध कापला, कारण गाळ आत घेऊन जमीन उंच करण्याची त्यांची जुनी रीत त्यांना ठाऊक होती. पुढे अभियंत्यांनी तीच रीत अभ्यासली आणि तिला भरती-नदी व्यवस्थापन असे नाव मिळाले. या पद्धतीत एखादे खोलगट क्षेत्र काही वर्षे भरतीला मोकळे सोडावे लागते, म्हणजे त्या क्षेत्रातल्या शेतकऱ्यांचे पीक तेवढी वर्षे बुडते, आणि त्यांना नुकसानभरपाई वेळेवर मिळाली नाही की विरोध उभा राहतो. तसा तो राहिलाही. मूळ बांधांचे अभियंते अप्रशिक्षित नव्हते, आणि पैसाही कमी नव्हता. नदी गाळ कोठे टाकते हे ज्यांना माहीत होते, त्यांना कोणी विचारले नाही, आणि नंतर योग्य उपाय सापडला तेव्हा त्याचा मोबदला ज्यांना द्यायचा त्यांच्यापर्यंत पैसा पोहोचवण्याची सोय दुबळी होती. कोणी कोणाला शिकवायचे, हा प्रश्न आपण प्रशिक्षणाच्या आराखड्यात क्वचितच विचारतो. आपल्या आराखड्यात तो विचारला जावा अशी माझी विनंती आहे.

तिसरे उदाहरण मलावीचे, आणि ते निव्वळ पैशाच्या व्यवहाराचे आहे. आफ्रिकी देशांसाठी सामाईक विमा देणाऱ्या आफ्रिकन रिस्क कपॅसिटी या संस्थेकडून मलावीने २०१५-१६ च्या हंगामासाठी दुष्काळाचा विमा घेतला होता. हंगाम कोरडा गेला, सरकारने एप्रिल २०१६ मध्ये आपत्ती जाहीर केली, सुमारे ६५ लाख लोकांना अन्नमदत लागणार असा अंदाज आला; पण विम्याच्या संगणकीय प्रारूपाने बाधितांची संख्या जेमतेम वीस-एकवीस हजार दाखवली आणि भरपाई देय होत नव्हती. शोध घेतल्यावर कळले की प्रारूपात मक्याचे अधिक दिवसांचे वाण गृहीत धरले होते, तर शेतकऱ्यांनी कमी दिवसांत येणारे वाण पेरले होते. गृहीतक दुरुस्त झाल्यावर सुमारे ८१ लाख डॉलर मंजूर झाले, पण ते जानेवारी २०१७ च्या सुमारास, म्हणजे भुकेचे बरेच महिने उलटल्यावर. शेतात काय पेरले आहे हे कृषिखात्याच्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना ठाऊक असते. विम्याच्या प्रारूपात काय भरले आहे हे वित्त खात्यातल्या मोजक्या लोकांना. या दोघांना एका टेबलाशी बसवणारे चार दिवसांचे काम त्या वर्षी किती मोलाचे ठरले असते याचा विचार करा. मी ज्याला अनुकूलनाचे प्रशिक्षण म्हणते ते असे असते: एका विशिष्ट निर्णयासाठी, त्या निर्णयाच्या तारखेआधी, तो निर्णय घेणाऱ्या माणसांचे.

येथवरचे थोडक्यात सांगायचे तर, निवारा नसताना सूचना अपुरी पडते, लोकांचे ज्ञान वगळून घातलेला बांध उलटतो, आणि क्षेत्राशी नाते नसलेला विमा उशिरा पावतो. तिन्ही ठिकाणी पैसा आणि शिकणे एकमेकांपासून वेगळे पडले होते.

माझ्या स्वतःच्या कामातली एक चूक येथे सांगणे आवश्यक वाटते. एका देशात आम्ही स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आणि ती चालवण्याचे उत्तम प्रशिक्षण दिले. तीन वर्षांनी पाहणीला गेले तेव्हा निम्म्याहून अधिक केंद्रे बंद होती. कर्मचारी हजर होते आणि शिकवलेले त्यांना नीट आठवतही होते. पण बॅटरी बदलण्यासाठी खरेदीचा अधिकार राजधानीतल्या खात्याकडे होता, त्या खात्याच्या अंदाजपत्रकात सुट्या भागांच्या खर्चाचे शीर्षकच, म्हणजे वेगळी तरतूद, नव्हते, आणि केंद्रापर्यंत जाण्यासाठी वाहनाचे इंधन कोणत्या खर्चात टाकायचे हे कोणालाच सांगता येत नव्हते. आखणी करताना मी यंत्रांची किंमत बारकाईने तपासली होती, पण बॅटरीची जबाबदारी कोणाची हे विचारले नव्हते. तेव्हापासून कोणत्याही यंत्राला किंवा बांधकामाला होकार देण्याआधी मी त्याच्या देखभालीचे अंदाजपत्रकातले शीर्षक पाहायला मागते, आणि ते नसेल तर ते तयार करून घेणे हेच प्रकल्पाचे पहिले काम ठरवते. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी मिळून २०२१ मध्ये निरीक्षणांसाठी जो सॉफ नावाचा निधी उभारला, त्यात केंद्रे बसवण्यापुरता पैसा न देता निरीक्षणे प्रत्यक्ष मिळत राहिल्यास चालवण्याच्या खर्चालाही मदत दिली जाते. मला ही रचना फार महत्त्वाची वाटते. चोवीस तास आधी मिळालेल्या सूचनेने वादळाचे किंवा उष्णतेच्या लाटेचे नुकसान ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते, असे जागतिक अनुकूलन आयोगाने २०१९ मध्ये मांडले होते. पण ती सूचना ज्या निरीक्षणांवर उभी असते ती बंद पडलेल्या केंद्रातून येणार नाहीत.

प्रशिक्षण कोणाला आणि कसे, याविषयी माझे नियम साधे आहेत. मी व्यक्तींची यादी मागत नाही, पदांची मागते. आणि प्रत्येक पदामागे दोन माणसे शिकतील असे पाहते, कारण बदल्या होणारच आहेत. हॉटेलात पाच दिवस व्याख्याने ऐकवण्यापेक्षा शिकणाऱ्याच्या स्वतःच्या टेबलावरची फाइल घेऊन बसणे मला अधिक उपयोगी वाटत आले आहे: पुढच्या वर्षीचे पाणीपुरवठ्याचे अंदाजपत्रक, एखाद्या पुलाची निविदा, पीकविम्याचा करार. दैनिक भत्त्यासाठी तीच ती मंडळी प्रत्येक कार्यशाळेला येतात ही तक्रार आपणही ऐकली असेल. प्रत्यक्ष फाइलवर काम सुरू झाले की तो प्रश्न बहुतांशी उरत नाही, कारण ज्याची फाइल त्यालाच यावे लागते. दुसरे, शिकवणारी संस्था शक्यतो त्याच देशातली असावी. बांगलादेशाचे शास्त्रज्ञ सलीमुल हक, जे २०२३ मध्ये निवर्तले, बाहेरून येऊन परत जाणाऱ्या सल्लागारांऐवजी देशातल्या विद्यापीठांतून ही क्षमता उभी करावी असे सातत्याने सांगत, आणि अल्पविकसित देशांतल्या विद्यापीठांचा एक संघही त्या विचारातून उभा राहिला. विद्यापीठ प्रकल्पाबरोबर संपत नाही. दर वर्षी नवी तुकडी शिकवते, हा त्यातला सरळ हिशेब आहे.

गावपातळीवर तर शिकणे आणखी साधे असू शकते. मालीमध्ये १९७० च्या दशकातल्या दुष्काळांनंतर १९८२ पासून शेतकऱ्यांना साधी पर्जन्यमापके देऊन स्वतः पाऊस मोजायला आणि त्यावरून पेरणीची वेळ ठरवायला मदत केली गेली. ज्याने आपल्या शेतातला पाऊस स्वतः मोजला आहे, तो रेडिओवरचा अंदाज वेगळ्या कानाने ऐकतो. मोजमापाची ही सवय स्वस्त आहे, आणि ती बाहेरचा माणूस निघून गेल्यावरही राहते.

आता पैशाकडे. जगात अनुकूलनासाठी पैसा किती आहे हे आपल्याला ठाऊक असेलच, तरी आपल्या निर्णयाशी त्याचा संबंध आहे म्हणून थोडक्यात सांगते. १९९२ च्या हवामान करारातच विकसित देशांनी विशेष असुरक्षित देशांना अनुकूलनाचा खर्च पेलायला मदत करावी असे कलम आहे. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत दर वर्षी १०० अब्ज डॉलर देण्याचे वचन २०२० साठी दिले गेले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या मोजणीनुसार ते २०२२ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा एकूण ११५.९ अब्ज डॉलरपैकी अनुकूलनाच्या वाट्याला ३२.४ अब्ज आले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२३ च्या अहवालात विकसनशील देशांची या दशकातली वार्षिक गरज २१५ ते ३८७ अब्ज डॉलर इतकी मांडली आहे. २०२४ मध्ये बाकू येथील हवामान परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले, पण त्यात उत्सर्जनकपातही येते. ही तफावत अन्यायकारक आहे आणि ती भरून काढण्याची मागणी लावून धरलीच पाहिजे. आपल्यापुरता त्याचा अर्थ असा की आपल्या मर्यादित रकमेने सगळी किनारपट्टी सुरक्षित होणार नाही. पण त्या देशाला मोठ्या निधीपर्यंत स्वतःच्या पायांनी पोहोचता येईल अशी वाट मात्र ती तयार करू शकते.

ती वाट म्हणजे थेट प्रवेश. उत्सर्जनकपातीच्या क्योटो कराराखाली दिल्या जाणाऱ्या कार्बन प्रमाणपत्रांतून दोन टक्के वाटा घेऊन उभ्या राहिलेल्या ‘अनुकूलन निधी’ या आंतरराष्ट्रीय निधीने प्रथमच देशांतल्या संस्थांना मध्यस्थ आंतरराष्ट्रीय संस्थेशिवाय पैसा देण्याची सोय केली, आणि २०१० मध्ये सेनेगलची एक राष्ट्रीय पर्यावरण-निरीक्षण संस्था अशी मान्यता मिळवणारी पहिली ठरली. तिने किनाऱ्याची धूप रोखण्याचा प्रकल्प राबवला. दक्षिण कोरियातल्या सोंगदो येथून चालणाऱ्या हरित हवामान निधी या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय निधीनेही हा मार्ग स्वीकारला आहे, आणि आपल्या मदतीचा निम्मा भाग, अनुदानाच्या मूल्यात मोजून, अनुकूलनाला देण्याचे त्याचे धोरण आहे. पण मान्यतेसाठी लागते काय? लेखापरीक्षणाच्या स्वच्छ नोंदी, निविदेची लेखी पद्धत, गैरव्यवहाराची तक्रार ऐकणारी यंत्रणा, पर्यावरणीय व सामाजिक धोके तपासण्याची रीत, स्त्री-पुरुष समतेचे धोरण. हवामानशास्त्राचा त्यात फारसा संबंध नाही. चांगली माणसे असलेल्या संस्था केवळ हिशेबाची कागदपत्रे अपुरी म्हणून वर्षानुवर्षे अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून माझे आग्रहाचे मत असे आहे की आपल्या प्रशिक्षणातला एक मोठा भाग लेखापाल, खरेदी अधिकारी आणि अंतर्गत तपासनीस यांच्यासाठी राखून ठेवा. या मंडळींना हवामान परिषदांना कोणी बोलावत नाही, आणि देशाचा निधी मात्र त्यांच्या टेबलावर अडतो किंवा सुटतो.

प्रस्तावलेखनाबाबत एक अट घालून घ्या. बाहेरचा सल्लागार लागला तर तो अवश्य घ्या, पण लिहिणारा हात मंत्रालयातल्या माणसाचा असू द्या आणि सल्लागाराने शेजारी बसून तपासावे. याला वेळ अधिक लागतो. पहिला मसुदा कच्चा असतो, दुसराही बहुधा परत येतो. परंतु निधीकडून येणाऱ्या शंकांना उत्तर देण्याची वेळ येते तेव्हा देशातच कोणीतरी असते, ज्याला त्या आकड्यांमागचे कारण माहीत असते.

देशाच्या आत पैसा खालपर्यंत कसा न्यावा, यासाठी केनियातल्या काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) हवामान निधीचा अभ्यास करा. इसिओलो या कोरड्या, पशुपालकांच्या प्रदेशात सुरू झालेला हा प्रयोग पुढे गारिसा, किटुई, माक्वेनी आणि वजीर येथे गेला. त्यात निधीचा ७० टक्के भाग वॉर्ड पातळीवरच्या लोकनियुक्त समित्यांनी निवडलेल्या कामांना, २० टक्के संपूर्ण काउंटीच्या कामांना आणि १० टक्के व्यवस्थापनाला अशी वाटणी ठरवली गेली. समित्यांनी निवडलेली कामे बाहेरच्या तज्ज्ञाला कधी कधी किरकोळ वाटतील: पाणवठ्याभोवतीचे कुंपण, कोरड्या हंगामासाठी राखीव चराईचे नियम पुन्हा लागू करणे. पण दुष्काळात जनावरे कोठे मरतात हे त्या लोकांना माहीत होते. आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की समितीच्या सदस्यांनी हिशेब, निविदा आणि देखरेख शिकली ती खऱ्या पैशावर, लहान रकमेपासून सुरुवात करून. खोट्या सरावाच्या आकड्यांवर जबाबदारी शिकता येत नाही.

कर्जाविषयी आपण विचारलेले नाही, पण ते टाळून पुढे जाता येणार नाही. विकसित देशांकडून विकसनशील देशांना मिळालेल्या सार्वजनिक हवामान वित्तपुरवठ्यात २०२२ मध्ये कर्जाचा वाटा दोन तृतीयांशांहून अधिक होता. सिंचन किंवा बंदर यांसारख्या, उत्पन्न देणाऱ्या कामाला सवलतीचे कर्ज चालू शकते. पण वादळनिवारा, पूर्वसूचना, वस्तीचे स्थलांतर यांतून महसूल येत नाही, आणि तेथे कर्ज घेतले की त्याची परतफेड शाळा-दवाखान्यांच्या पैशातून होते. २०१७ मध्ये मारिया वादळाने डॉमिनिका या छोट्या बेटराष्ट्राचे नुकसान त्याच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक केले. अशा देशाला पुढच्या वादळाची तयारी कर्ज काढून करायला सांगणे मला मान्य नाही. आपला निधी अनुदान असेल, तर तो अशाच उत्पन्नहीन कामांना द्यावा आणि कर्जाने भागण्यासारखी कामे इतरांसाठी सोडावीत.

आता आपली पाच वर्षे. मी आपल्या जागी असते तर पहिले पूर्ण वर्ष मोठे बांधकाम हाती घेतले नसते, जरी निधी देणारे लवकर काहीतरी दाखवा असा आग्रह धरतील. ते वर्ष मी तीन-चार निर्णय शोधण्यात घालवले असते: कोणत्या खात्याचा, कोणत्या महिन्यात होणारा, कोणता निर्णय हवामानाची माहिती आणि थोडा पैसा मिळाल्यास वेगळा होईल? त्याच वर्षी स्थानिक समित्यांना लहान रकमा द्यायला सुरुवात केली असती आणि त्यांच्या पहिल्या चुका लवकर, स्वस्तात होऊ दिल्या असत्या. मोठा खर्च दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धापासून चौथ्यापर्यंत करावा, आणि प्रत्येक कामासोबत त्याच्या देखभालीची जबाबदारी लेखी ठरलेली असावी. पगारांबाबत मात्र फार जपून: प्रकल्पातून दिलेला वरचढ पगार खात्यातली चांगली माणसे ओढून घेतो आणि प्रकल्प संपताच ती माणसे बाहेर पडतात. त्यापेक्षा सरकारी वेतनश्रेणीतच पद निर्माण करून घ्यावे, पहिल्या दोन वर्षांचा खर्च आपण उचलावा, तिसऱ्या वर्षी निम्मा सरकारने, आणि पाचव्या वर्षापर्यंत पूर्ण त्यांनी, असा उतरता करार मला अनेकदा उपयोगी पडला आहे. अर्थ मंत्रालय त्याला सहजासहजी तयार होत नाही. पहिल्या बैठकीत नकार येतो, आणि त्या नकाराची कारणे ऐकून घेतली की पदाला मंजुरी कोण देते, कोणती यादी कधी बंद होते, हे कळते.

आपल्या मागच्या टप्प्यातल्या प्रशिक्षितांविषयी शेवटचे. ती माणसे हरवलेली नाहीत. त्यांपैकी पुष्कळ जण त्याच देशात, दुसऱ्या खात्यांत किंवा संस्थांत असतील. नवा आराखडा लिहिण्यापूर्वी त्यांतल्या दहा-पंधरा जणांना शोधून भेटा आणि प्रत्येकाला विचारा की शिकलेले वापरायचे ठरवले तेव्हा नेमके कोठे अडले: अधिकार नव्हता, पैसा नव्हता, वरिष्ठ बदलले, की शिकवलेलेच कामाचे नव्हते. त्यांची उत्तरे हाती आली की मला कळवा. त्या देशाचे अंदाजपत्रक कोणत्या महिन्यात ठरते आणि स्थानिक शासनाच्या खर्चाच्या अधिकाराची मर्यादा किती आहे, हे दोन तपशीलही सोबत द्या. मग रकमेची वाटणी आपण आकड्यांनिशी करू.